‘थांब’ म्हणण्याचा अधिकार

कारखान्यातील क्रेनवरून बोजा निसटला आणि त्याखाली सापडून एखादा कामगार दगावला, की त्या मृत्यूचे कारण पंचनामा पुरा होण्यापूर्वीच ठरून जाते. ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे ते कारण. स्लिंग नीट अडकवली नव्हती, चालकाने भलतेच बटण दाबले, खलाशी बोजाखालून गेला, डोक्यावर हेल्मेट नव्हते. वाक्ये बदलतात, आरोपी बदलत नाही. मेलेला माणूस जबानी देऊ शकत नाही. त्याची विधवा गावाकडे परतते. डोळ्यांदेखत सारे पाहिलेल्या सोबत्यांना दुसऱ्या दिवशी त्याच कंत्राटदाराकडे हजेरी लावायची असते. आरोपीची बाजू मांडायला असे कोणीच उरत नाही. पुढे ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो, सामुदायिक प्रतिज्ञा होते, दाराशी नवा फलक लागतो आणि त्याच क्रेनच्या हूकला तोच जुना दोर पुन्हा अडकवला जातो.

हा निष्कर्ष मालकांच्या फार सोयीचा आहे, म्हणूनच तो तपासून घेतला पाहिजे. माणूस चुकतो, हे कोण नाकारील? परंतु छताखालच्या क्रेनची सारी रचनाच मुळी माणूस चुकणार हे गृहीत धरून केलेली असते. हूक वर जाता जाता ड्रमवर आदळून दोर तुटू नये म्हणून लिमिट स्विच असते. वीज अचानक गेली तर बोजा जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी ब्रेक असतो. हात सुटताच गती थांबेल अशी बटणे असतात. दोर हूकमधून निसटू नये म्हणून हूकच्या तोंडाशी लॅच असतो. एका माणसाची एक चूक प्राणघातक ठरू नये, एवढ्यासाठीच अभियंत्यांनी हे पहारेकरी एकामागून एक उभे केले. तेव्हा एका चुकीने माणूस मेला, याचा अर्थ इतकाच की हे पहारेकरी त्याआधीच हटवले गेले होते. मग प्रश्न असा की ते हटवले कोणी? लिमिट स्विच बिघडले तर दुरुस्तीला पाळीचा निम्मा वेळ जाईल म्हणून त्याच्या तारा परस्पर जोडून टाकण्याचा निर्णय खलाशी घेत नाही. ब्रेकचे झिजलेले लायनर बदलायचे की पुढच्या तिमाहीपर्यंत रेटायचे, हे झाडूवाला ठरवत नाही. मोडलेल्या लॅचची मागणी ज्या खरेदी विभागाच्या मेजावर पडून राहते, त्या विभागाचे नाव मात्र पंचनाम्यात कधी येत नाही.

मृत्यूच्या बाबतीत ‘कामगाराची चूक’ ही सबब कायद्यालाही पुरती मान्य नाही. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने, कामगाराने सुरक्षेचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडला असेल तर भरपाई नाकारण्याची मुभा मालकाला दिली. पण अपघातात मृत्यू ओढवला असेल तर ती सबब चालणार नाही, असेही त्याच कायद्याने म्हटले. ब्रिटिश अमदानीतल्या कायदेमंडळाला जेवढे कळले होते, तेवढे आजच्या चौकशी अहवालांना कळू नये, हे नवलच म्हटले पाहिजे.

परंतु प्रश्न केवळ सुट्या भागांचा नाही. क्रेनच्या कामात इशाऱ्यांचा एक नियम आहे. चालक उंच केबिनमध्ये बसलेला असो, वा पेंडंटची बटणे हातात घेऊन जमिनीवरून चालणारा असो, बोजाची पलीकडची बाजू त्याला दिसत नाही. म्हणून खाली उभा असलेला खलाशी हातांनी वा आवाजाने त्याला मार्ग दाखवतो. ‘आरिया’ म्हटले की खाली, ‘हबेस’ म्हटले की वर, ही खलाशांची जुनी बोली. एका वेळी इशारा द्यायचा तो एकाच माणसाने, आणि चालकाने मानायचा तो त्याचाच. दोघांनी दोन बाजूंनी हात हलवले तर बोजा कोणाच्या तरी छातीवर जाणार. फोरमनचा आवाज कितीही मोठा असला तरी या नियमाला त्याचाही अपवाद नाही. अपवाद एकच आहे, तो ‘थांब’ या इशाऱ्याचा. थांबण्याचा इशारा कोणीही दिला तरी चालकाने तो तत्क्षणी पाळला पाहिजे. देणारा झाडूवाला असो, चहावाला असो, कालच कामावर लागलेला उमेदवार असो. त्याचा हुद्दा विचारायचा नाही, कारण विचारायचे नाही. आधी थांबायचे, मग विचारायचे.

हलवण्याचा अधिकार एकाचा, थांबवण्याचा अधिकार सर्वांचा. कारखान्याच्या चार भिंतींच्या आत लोकशाहीचे इतके निर्मळ सूत्र दुसरे सापडणार नाही. हे सूत्र कोणा समाजवाद्याने पुस्तक वाचून लिहिलेले नाही. अधांतरी लटकणाऱ्या बोजांखाली माणसे मेली, त्या अनुभवातून यंत्रविद्येने ते शिकून घेतले. ज्याचा जीव धोक्यात आहे, त्यालाच धोका आधी दिसतो, आणि म्हणून थांबवण्याचा अधिकार त्याच्यापासून हिरावून घेता येत नाही, इतका त्याचा साधा आशय आहे.

हा नियम अनेक कारखान्यांच्या भिंतीवर रंगवलेला असतो. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी तो वाचून दाखवला जातो व त्याखाली कामगाराची सही घेतली जाते. प्रश्न आहे तो त्यानंतरचा. ‘थांब’ म्हणणाऱ्याचे पुढे काय होते? बीड-जालन्याहून, बिहारहून वा ओडिशाहून आलेला कंत्राटी मदतनीस घटकाभर डोळ्यांसमोर आणावा. दिवसाचे उत्पादन ठरलेले आहे, ट्रक दाराशी उभा आहे, सुपरवायझर घड्याळ पाहतो आहे. दोराच्या तारा तुटून बाहेर आलेल्या त्या मदतनिसाला दिसतात. त्याने हात वर केला आणि दोर खरोखर निकामी निघाला, तर त्याला शाबासकी मिळेल असे नाही. दोर आणखी चार दिवस टिकण्याजोगा निघाला, तर मात्र ‘उद्यापासून येऊ नकोस’ हे तीन शब्द ठरलेले आहेत. त्यासाठी लेखी आदेश लागत नाही, चौकशी लागत नाही, नुकसानभरपाईही लागत नाही. भिंतीवरच्या नियमाने दिलेला अधिकार कंत्राटदाराच्या हजेरीबुकाने काढून घेतलेला असतो.

जुन्या कायम क्रेनचालकाची गोष्ट निराळी होती. वीस-वीस वर्षे एकच क्रेन चालवलेल्या त्या माणसाला गिअरच्या आवाजावरून दुखणे कळे. केबिनला कुलूप लावून तो खाली उतरे आणि ‘तपासणी होईस्तोवर चालवणार नाही’ असे फोरमनच्या तोंडावर सांगे. हे धाडस काही त्याच्या स्वभावातून आलेले नव्हते. त्याच्या पाठीशी नोकरीची शाश्वती होती, संघटना होती आणि प्रसंगी सारा विभाग खाली बसेल ही जरब होती. आज केबिन रिकामी झाली आहे, चालवण्याची पेटी कोणाच्याही हाती देता येते, आणि ज्याच्या हाती ती दिली जाते त्याच्या पाठीशी कोणी नसते. तंत्र सुधारले, पण तंत्राला ‘नाही’ म्हणणारा माणूस मात्र कारखान्यातून नाहीसा करण्यात आला.

‘नाही’ म्हणणारा माणूस का हवा, हे दोराच्या साध्या गणितावरून कळेल. एक टन वजनाची वस्तू दोन पदरी स्लिंगने उचलायची आहे. दोन्ही पदर सरळ उभे असतील तर प्रत्येकावर अर्ध्या टनाचा ताण येतो. तेच पदर फाकून जमिनीशी ४५ अंशांचा कोन करू लागले की प्रत्येकावरचा ताण सुमारे ७०० किलोंवर जातो, आणि कोन ३० अंशांवर आला की एकेका पदरावर पुरा एक टन येतो. वस्तू तीच, दोर तोच, क्रेनही तीच. स्लिंग आखूड पडली एवढेच. लांब स्लिंग भांडारात नाही, मागवायला वेळ नाही, म्हणून आखूड स्लिंगने काम उरकले जाते आणि दोर न बोलता दुप्पट भार सोसतो. हा हिशेब ज्याला शिकवलेलाच नाही त्याला निष्काळजी म्हणायचे, की ज्याने न शिकवता त्याच्या हाती हूक दिला त्याला?

याच गणिताची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. वायर रोपच्या स्लिंगवर जो सुरक्षित भार लिहिलेला असतो, तो ती ज्या भाराला तुटेल त्याच्या साधारण पाचवा हिस्सा असतो. उरलेले चार हिस्से झीज, गंज, झटका, धारदार कडेवरून पडणारा वाक, चुकलेला कोन या सगळ्यांसाठी राखून ठेवलेले असतात. परंतु उत्पादनाच्या घाईला ते चार हिस्से म्हणजे वापरावाचून पडून राहिलेले भांडवल वाटते. पाच टनांच्या क्रेनने सहा टन उचलले आणि काही झाले नाही, की दुसऱ्या दिवशी सहा टन हाच शिरस्ता होतो. ‘मागेही उचलले होते’ हा मग पुरावा ठरतो. तपासणीच्या वेळी क्रेनवर ठरलेल्या भाराच्या सव्वापट बोजा टाकून पाहतात. तोही तिची ताकद अजमावण्यासाठी, रोज तेवढे उचलण्याचा परवाना म्हणून नव्हे. वस्तुतः ते राखीव हिस्से मालकाचे नसतातच. ती कामगाराच्या जिवाची ठेव आहे. ठरलेल्या भारापेक्षा अधिक उचलायला लावणारे व्यवस्थापन दुसऱ्याच्या ठेवीतून खर्च करीत असते. आणि दोर शेवटच्या दिवसापर्यंत तुटत नसल्यामुळे ही अफरातफर वर्षानुवर्षे कार्यक्षमता म्हणून मिरवली जाते. कामाचे तास वाढवून नफा काढण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. दोराच्या झिजेतून नफा काढण्याची ही रीत तितकीच जुनी आहे, फक्त तिचा हिशेब ताळेबंदात दिसत नाही.

हा दोष केवळ खाजगी मालकीचा आहे, असे मानून स्वस्थ बसण्याची सोय समाजवादी विचारालाही नाही. १८ एप्रिल २००७ रोजी चीनच्या लिआओनिंग प्रांतात तिएलिंग येथील एका पोलाद कारखान्यात घडलेली घटना यासाठी लक्षात ठेवली पाहिजे. सुमारे ३० टन वितळलेले पोलाद भरलेली लेडल क्रेनवरून खाली आली आणि उलटली. पाळी बदलण्याच्या वेळी जवळच्याच एका खोलीत जमलेल्या कामगारांवर तो सुमारे १५०० अंश तापमानाचा रस दारे-खिडक्या फोडून कोसळला. ३२ माणसे जागीच संपली. चौकशीत आढळले ते हे, की वितळलेला धातू वाहण्यासाठी जी खास क्रेन लागते तिच्याऐवजी तेथे सर्वसाधारण कामाची क्रेन वापरली जात होती. हा भेद काही गूढ नाही. भारतीय मानकांतही सर्वसाधारण विद्युत क्रेनसाठी ३१७७ क्रमांकाचे आणि पोलाद कारखान्यांतील अवजड कामाच्या क्रेनसाठी ४१३७ क्रमांकाचे, अशी दोन वेगळी मानके आहेत. तिएलिंगच्या त्या खोलीत रोज जमणाऱ्यांना, आपल्या डोक्याशेजारून वितळलेले पोलाद जाते, हे दिसत नव्हते काय? दिसत होते. पण ज्या देशाचे राज्य कामगारवर्गाच्या नावाने चालते, तेथे कामगारांना स्वतंत्र संघटना स्थापण्याची मुभा नाही. ‘ही खोली हलवा, नाहीतर काम थांबेल’ असे म्हणणारा आवाज तेथे उठूच शकत नव्हता. मालकीच्या पाटीवर कोणाचे नाव आहे, एवढ्याने दोर मजबूत होत नाही.

आपल्याकडेही वेगळे घडलेले नाही. १ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्ड या सरकारी गोदीत चाचणी चालू असताना एक भलीमोठी क्रेन कोसळली आणि ११ जण ठार झाले. मृतांत कंत्राटी कंपन्यांची माणसेही होती. कामगारांच्या कष्टांना मराठी साहित्यात जागा मिळवून देणाऱ्या अण्णाभाऊ साठे यांच्या जन्माला त्याच दिवशी शंभर वर्षे पुरी होत होती. तीन वर्षांनी, १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेपूर्वी, ठाणे जिल्ह्यात शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे अवजड यंत्र कोसळून २० जण मरण पावले. गोदीतील क्रेन, पुलावरचे यंत्र आणि कारखान्याच्या छताखालची क्रेन यांची घडण वेगवेगळी आहे. पण अधांतरी बोजा आणि त्याखाली कंत्राटदाराचा माणूस, हे चित्र तिन्ही ठिकाणी एकच आहे.

यावर कायदा काय म्हणतो? १९४८ च्या कारखाना कायद्याचे २९ वे कलम या बाबतीत चांगले स्पष्ट होते. बोजा उचलणारे यंत्र, साखळी, दोर हे सारे निर्दोष असावे. सक्षम व्यक्तीकडून त्यांची बारा महिन्यांतून निदान एकदा कसून तपासणी व्हावी. सुरक्षित भार यंत्रावर ठळकपणे लिहिलेला असावा आणि त्यापलीकडे बोजा टाकू नये. क्रेनच्या रुळांवर वा रुळांजवळ माणूस काम करीत असेल तर क्रेन त्याच्यापासून सहा मीटरांच्या आत येणार नाही अशी व्यवस्था असावी. संसदेने हे कायद्याच्या पोटातच लिहून ठेवले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. या संहितेच्या मूळ मजकुरात क्रेन व दोर यांच्यासाठी असे स्वतंत्र कलम नाही. तो सारा तपशील मानके आणि नियम यांच्यावर सोपवलेला आहे. नियमांत तो येईल वा येणार नाही, कडक येईल वा सैल येईल, हे आता शासनाच्या अधिसूचनेने ठरायचे. संसदेच्या चर्चेवाचून जे बदलता येत नव्हते, ते सचिवालयातील एका टिपणाने बदलता येणार, ही घट ‘सुलभीकरण’ या गोंडस नावाखाली झाली.

निरीक्षकाचे नावही बदलले. तो आता ‘निरीक्षक तथा सुविधाकार’ झाला आहे. सुविधा कोणाची, हे नावात सांगितलेले नाही, पण ओळखायला कठीण नाही. पूर्वसूचना न देता कारखान्यात शिरण्याचा निरीक्षकाचा अधिकार मान्य करणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ८१ क्रमांकाचा करार भारताने १९४९ मध्येच संमत केला होता. असे असताना २०१४ पासून केंद्रीय पातळीवर तपासणीची ठिकाणे संगणकाने निवडण्याची पद्धत सुरू झाली, आणि नव्या संहितेनेही त्याच वाटेला मान्यता दिली. लाचखोर निरीक्षकाला आवर घालण्यासाठी हे आवश्यक होते, असे समर्थन केले जाते. निरीक्षक लाच घेत असेल तर त्याला शिक्षा करावी. परंतु लाच देणारा मालकच होता, याचा विसर पडून तपासणीच आवरती घ्यावी, हा न्याय अजब आहे.

कामगाराच्या अधिकाराबाबत काय घडले? भोपाळच्या १९८४ च्या हत्याकांडानंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती आली, तसेच प्राणघातक धोका दिसताच तो व्यवस्थापनाच्या व निरीक्षकाच्या नजरेस आणून देण्याचा कामगाराचा हक्कही आला. ओतशाळा त्या यादीत होत्या. साधे यंत्रशाळांचे काम नव्हते. नव्या संहितेने धोका निदर्शनास आणण्याचा हक्क सर्वच कर्मचाऱ्यांना दिला, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण तो हक्क नेमका कशाचा आहे, ते पाहावे. धोका आहे असे कामगाराने सांगायचे. मालकाचे समाधान झाले तर त्याने उपाय करायचा. नाही झाले तर प्रकरण निरीक्षक तथा सुविधाकाराकडे जायचे आणि त्याचा निर्णय अखेरचा. तोवर बोजा हवेत आहे आणि कामगार त्याखाली. सांगण्याचा हक्क मिळाला, थांबण्याचा मिळाला नाही. गंभीर व निकटचा धोका आहे असे मानण्यास वाजवी कारण असताना काम सोडून बाजूला होणाऱ्या कामगाराला त्याबद्दल शिक्षा होता कामा नये, असे श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ व्या कराराने सांगितले. २०२२ मध्ये त्या कराराला मूलभूत करारांत स्थान मिळाले, तोवर चार दशके उलटूनही भारताने तो संमत केलेला नव्हता.

याच संहितेने कारखान्याच्या ‘मुख्य कामां’त कंत्राटी मजूर लावण्यास बंदी घातली आहे, परंतु मालाची चढ-उतार हे काम एरवी मुख्य काम समजू नये, असेही सांगून टाकले. म्हणजे ज्या कामात माणूस बोजाखाली उभा राहतो, तेच काम कंत्राटदाराला देण्याची वाट मोकळी राहिली. मृत्यू ओढवल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, अशी शिक्षा संहितेत आहे. यातील ‘किंवा’ हा शब्द मोठ्या कारखान्याला पुरेसा आहे. पाच लाखांत चांगल्या क्रेनची वर्षभराची देखभालही भागेल न भागेल. शिवाय देखभालीचा खर्च दर वर्षी आणि नक्की येतो, दंड मात्र आलाच तर कधी तरी यायचा. ज्याला हिशेब कळतो त्याला हा कायदा कोणता सल्ला देतो, ते वेगळे सांगायला नको.

या दुरवस्थेचा दोष सर्वस्वी मालक व सरकार यांच्या माथी मारून कामगार संघटनांना मोकळे होता येणार नाही. महागाई भत्ता, बोनस, वेतनकरार यांसाठी त्या निकराने लढल्या आणि ते योग्यच झाले. परंतु धोक्याच्या कामाचा प्रश्न निघाला की कित्येक ठिकाणी मागणी झाली ती धोका-भत्त्याची. धोका हटवा असे न म्हणता धोक्याचा भाव वाढवा असे म्हणणे म्हणजे जिवाचा सौदा मान्य करून फक्त किमतीवर घासाघीस करणे होय. शिवाय संघटनांचे सभासद कायम कामगार आणि हूकखाली उभे कंत्राटी कामगार, अशी फाळणी होऊ दिल्यावर ‘थांब’ म्हणणाऱ्याच्या पाठीशी कोण उभे राहणार? कंत्राटी कामगाराचा मृत्यू हा आपल्या दफ्तराबाहेरचा विषय मानणाऱ्या संघटनेचे दफ्तर उद्या आपोआपच रिकामे होते, हा इतिहास ताजा आहे.

आता मालकपक्षाचा हुकमी आक्षेप पुढे येईल. उद्या जो तो उठून काम थांबवील, शिस्त मोडेल, उत्पादन बसेल! या आक्षेपाचे उत्तर शोधायला कारखान्याबाहेर जावे लागेल, पण फार दूर नव्हे. भारतातील आगगाडीच्या डब्यांत धोक्याची साखळी आहे. तिकीट काढलेला कोणीही माणूस, मग तो मंत्री असो वा मजूर, ती ओढू शकतो आणि शेकडो टनांची गाडी उभी राहते. विनाकारण ओढणाऱ्याला १९८९ च्या रेल्वे कायद्याने शिक्षा ठेवलेली आहे आणि साखळीचा दुरुपयोग होतोही. म्हणून रेल्वेने साखळ्या उपटून टाकल्या नाहीत. प्रवाशाच्या जिवापुढे दहा-वीस मिनिटांचा उशीर क्षुल्लक आहे, हे तिने मान्य केले. मग ज्या देशात प्रवाशाला अख्खी गाडी थांबवण्याचा हक्क आहे, त्याच देशात स्वतःच्या डोक्यावरचा हूक थांबवण्याचा हक्क कामगाराला नसावा, याला शिस्त म्हणायचे काय? दुरुपयोगाची भीती खरी असेल तर दुरुपयोगाची चौकशी करावी. पण ती चौकशी काम थांबल्यावर व्हावी, माणूस मेल्यावर नव्हे.

तेव्हा मागणी स्पष्ट असली पाहिजे. धोका दिसताच काम थांबवण्याचा हक्क कायद्यात शब्दशः लिहिला जावा, आणि तो वापरणाऱ्याची मजुरी वा नोकरी त्या कारणाने गेली तर ती कशामुळे गेली हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असावा. क्रेन चालवणारा आणि बोजा बांधणारा हे दोघेही मूळ कारखान्याच्याच हजेरीपटावरचे, रीतसर शिकवलेले कामगार असावेत. क्रेन व दोर यांच्या तपासणीचा अहवाल कपाटात न राहता त्या क्रेनखालीच, कामगारांना वाचता येईल अशा मराठीत व हिंदीत लावलेला असावा. सुरक्षा समितीतील कामगार प्रतिनिधी कामगारांनी निवडलेले असावेत, आणि त्यांत कंत्राटी कामगारांना जागा असावी. निरीक्षकाने आगाऊ न कळवता यावे, आणि आल्यावर व्यवस्थापकाच्या खोलीत चहा घेण्यापूर्वी खलाशाशी बोलावे. यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही. ज्या संघटनांचे करार यापुढे नव्याने व्हायचे आहेत, त्यांना तर थांबण्याच्या हक्काचे कलम घालून घेण्यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही.

इशाऱ्यांचा तो नियम दुसरे काही मागत नाही. हलवण्याचा अधिकार ज्याच्या हाती असेल त्याच्याकडे तो खुशाल राहो. पण ज्याच्या डोक्यावर बोजा आहे त्याने हात वर केला की क्रेन थांबलीच पाहिजे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस हजेरीला उभा असला पाहिजे.